ओल्या लाकडाचा धूर

नोलीन रॅट्रे नदीकाठी दिसली की मासे धरायला आलेली माणसं कपाळाला हात लावायची. आली बया, म्हणायची, झालं, गेला आजचा दिवस. तोंडावर कोणी बोलायचं नाही, कारण बाई सहासष्ट वर्षांची, आणि मेंढ्यांच्या कातरणीच्या दिवसांत चौदा-चौदा धनगरगड्यांना वाढून दमात ठेवणारी. पण पाठ फिरली की तिच्या नावानं बोटं मोडायचीच.

आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. वाईकोरा नदीचं पाणी इतकं नितळ की कमरेइतक्या खोलीतले गोटे मोजावेत. ट्राउट मासा त्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याला धरायचा तर मागून, म्हणजे नदीच्या उलट, वरच्या अंगाला चालत जायचं, गुडघ्यांवर रांगायचं, श्वास रोखायचा आणि गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी त्याच्या नाकासमोर अलगद उतरवायची. काठावरून एकदा कोणी धपाधपा चालून गेलं की मासा दगडाखाली शिरतो, तो संध्याकाळपर्यंत तोंड दाखवत नाही. म्हणून आमच्याकडे रीत अशी की रस्ता संपतो तिथे जो आधी पोचला त्याचं वरचं पाणी. त्यानं गाडीच्या काचेवर, वायपरखाली चिठ्ठी अडकवायची: 'वरच्या बाजूला', आणि खाली नाव. मागून येणाऱ्यानं ती वाचायची, हवं तर दोन शिव्या घालायच्या आणि गुमान खालच्या बाजूला जायचं. हे कुठल्या कायद्यात नाही, दंड नाही. पण जो मोडेल त्याच्याशी अख्खा हंगाम गावातल्या पबमध्ये कोणी बोलत नाही.

नोलीन ती रीत तेवीस वर्षं उघडउघड मोडत आली होती. चिठ्ठीवर तारीख नसली, किंवा गाडीच्या काचा दवानं भरलेल्या असल्या आणि बॉनेट हाताला गार लागलं, की ती स्वतःची गळाची काठी गाडीतच ठेवायची आणि रिकाम्या हातानं सरळ वर चालू लागायची. तास लागो, दोन तास लागोत, तो माणूस दिसेपर्यंत चालायची. दिसला की विचारायची, बरा आहेस ना? आणि वर म्हणायची, 'डोकी मोजतेय फक्त. चालू दे तुझं.' मग आली तशी परत. तोवर त्या बिचाऱ्याचा मासा पाताळात गेलेला असायचा.

दुधाचा टँकर चालवणारा वॉरन पास्को हा त्यातला सगळ्यांत खवळलेला. चार वर्षांपूर्वी तो एका सहा पौंडी माशामागे अर्धा तास गुडघ्यांवर सरकत होता आणि हिनं वरच्या काठावरून आवाज दिला. वॉरन उठला आणि त्यानं तिला जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोलीननं ऐकून घेतलं, डोकी मोजतेय म्हणाली आणि गेली. तेव्हापासून वॉरन तिला रस्त्यात दिसला तरी मान फिरवायचा.

तिला तसं नदीखेरीज दुसरं काही नव्हतं. नवरा ऑस्ट्रेलियाला कामाला गेला तो गेलाच. हिवाळ्यात ती स्वयंपाकघराच्या टेबलावर दिवा ओढून घेऊन पिसं आणि दोरा घेऊन माशा बांधत बसायची. मॅसन जंक्शनच्या हार्डवेअरच्या दुकानात त्या विकायला असायच्या, आणि तिला शिव्या देणारेच त्या घ्यायचे. तिच्या सिकाडाला, म्हणजे त्या किरकिऱ्या किड्यासारख्या बांधलेल्या माशीला, तोड नाही, हे वॉरनही कबूल करायचा.

तिच्या या वेडामागचं कारण गावाला ठाऊक होतं. म्हणजे अर्धं ठाऊक होतं.

तिचा भाऊ डेस तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. लाकडाच्या गिरणीत कामाला, एकटा, तोंडाचा फटकळ. काठी कशी फिरवायची हे त्यानंच तिला मेंढरांच्या कुरणात शिकवलं होतं. एका वर्षी काय झालं, काचेवर त्याची चिठ्ठी होती आणि नोलीननं विचार केला, भाऊच तर आहे, त्यात काय. गेली वर, आणि त्याचा मासा उधळला. त्या संध्याकाळी डेस तिच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, बसला नाही. 'चिठ्ठी वाचता येते ना तुला? मग वाचत जा,' म्हणाला. 'चिठ्ठी ज्याची, पाणी त्याचं. बहीण असलीस म्हणून काय झालं?' त्यानंतर अकरा महिने दोघांचं बोलणं बंद.

मग तो फेब्रुवारी. शुक्रवारी ती रस्त्याच्या शेवटी पोचली तर डेसची हिरवी व्हॅन उभी. काचेवर चिठ्ठी: 'वरच्या बाजूला. डेस.' तारीख नव्हती. नोलीन मनात म्हणाली, घे बाबा, तुझं पाणी तुलाच लखलाभ. ती खाली गेली आणि तिला दोन चांगले मासे लागले. शनिवारी परत आली तर व्हॅन तिथेच, चिठ्ठी तीच. तिला वाटलं, हा आज पहाटेच येऊन बसला, मला वर जाऊ द्यायचं नाही म्हणून. बॉनेटला हात लावून बघता आला असता. काचांवर दव होतं, ते तिला नंतर आठवलं, आणि पुढे रोज आठवत राहिलं.

ती खालच्या बाजूला मासे धरत होती. तिच्याही खाली, पुलाजवळच्या डोहावर, एक तरुण पोरगा होता, लांबून दोघांनी हात हलवला. दहाच्या सुमाराला नोलीननं वर पाहिलं. वळणापलीकडे, बीच झाडांच्या रानावर धूर उभा होता. दाट, पांढरा, सरळ वर जाणारा. ती थांबली. बराच वेळ बघत राहिली. आणि तिच्या मनात आलं, बघा, नदीचं सगळ्यांत चांगलं पाणी अडवून हा आरामात चहा उकळत बसलाय. तिला हसूसुद्धा आलं. दुपारपर्यंत धूर विरला. तिनं घरी येऊन मासा तळून खाल्ला.

सोमवारी डेस गिरणीत आला नाही तेव्हा माणसं शोधायला गेली. दरडीखालच्या डोहाच्या काठावर तो मिळाला. घोट्याच्या वर पाय मोडलेला, पाण्यातून खडीपर्यंत सरपटत आलेला, शेजारी राख आणि राखेत अर्धवट जळलेल्या ओल्या फांद्या. डॉक्टर म्हणाले, शनिवारी संध्याकाळपर्यंत जिवंत असावा. पोलिसांना नोलीननं चिठ्ठीचं सांगितलं. सगळ्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तुझा काही दोष नाही म्हणाले, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, आम्हीही हेच केलं असतं. धुराबद्दल तिनं कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

तेव्हापासून डेस तिच्या पुढे चालायचा.

हे कसं सांगावं कळत नाही, पण जसं आहे तसं सांगतो. नोलीन वर चालू लागली की पुढच्या दगडांवर तिला ओली पावलं दिसायची. सपाट, नक्षी नसलेली, लोकरी नमद्याच्या तळव्यांची. डेस आपल्या बुटांना नमद्याचा तळ खिळ्यांनी ठोकायचा, तेव्हा सगळेच ठोकायचे, शेवाळावर घसरत नाही म्हणून. पुढे ती चिकट शेवाळाची साथ आली, नमद्यातून ती एका नदीतून दुसरीत जाते म्हणून सरकारनं देशभर बंदी घातली. पंधरा-सोळा वर्षांत तसा बूट नदीवर कोणी घातलेला नाही, आता सगळे रबराच्या तळाचे, खाचांचे. तरी तिला ती पावलं दिसायची. उन्हानं तापलेल्या दगडावर ओलं पाऊल दोन-तीन मिनिटं टिकतं. म्हणजे तो दोन-तीन मिनिटं पुढे असायचा. तिनं कधी पाय उचलून त्याला गाठलं नाही. दरडीखालच्या घळीच्या तोंडाशी आली की ती मागे फिरायची. तेवीस वर्षांत त्या डोहापर्यंत ती एकदाही गेली नव्हती.

यंदा तिचा गुडघा पार गेला. एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्यानंतर नदी ओलांडणं बंद. तेव्हा जी गोष्ट ती कित्येक वर्षं मनात घोळवत होती ती करायची वेळ आली होती.

गोष्ट साधी होती. त्या डोहावर एकटीनं तंबू ठोकायचा. गाडीवर तारखेशिवाय चिठ्ठी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ओली लाकडं पेटवायची आणि वाट बघायची. चिठ्ठी वाचलेला, धूर पाहिलेला माणूस वर येतो की नाही, हे तिला बघायचं होतं. कोणी आलं नाही, तर मग ते खरं होतं, तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं, डेसला रीतीनं मारलं, तिनं नाही. आणि कोणी आलं तर? त्याचा विचार तिनं केला होता, आणि तरी पिशवी भरली. मदतीचा संदेश पाठवणारं पिवळं यंत्र तिनं बंद करून पिशवीच्या तळाशी टाकलं.

शुक्रवारी ती निघाली. चिठ्ठी लिहिली: 'वरच्या बाजूला. नोलीन.' इतकंच. नदी सात वेळा ओलांडायची होती, दर वेळी ती टेकायच्या काठीवर भार टाकून गुडघ्याला शिव्या देत पलीकडे गेली. पावलं होतीच पुढे. घळीच्या तोंडाशी ती सवयीनं थांबली. मग डोळे मिटून दहा पावलं टाकली आणि उघडले तेव्हा आत आलेली होती.

डोह तिला वाटला होता त्याहून लहान निघाला. तेवीस वर्षांच्या पुरांनी राख कधीच धुवून नेली होती, खडीसुद्धा तीच असेल की नाही कोण जाणे. तिनं तंबू ठोकला, सॉसेजेस परतली, टिनाच्या डब्यात चहा उकळला. एक वेका पक्षी कोंबडीसारखा ठुमकत आला आणि तिचा चमचा चोचीत धरून झुडपात पळाला. नोलीन त्याच्यावर ओरडली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली. पिशवीतून तिनं दोन मग बाहेर काढले होते. दुसरा कशाला आणला होता ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं तो तसाच दगडावर राहू दिला.

शनिवारी सकाळी ती डोहाच्या वरच्या उंचवट्यावर चढून बसली. तिथून दुर्बिणीतून दरीच्या तोंडाशी, रस्ता संपतो ते मैदान दिसतं. आठच्या सुमाराला एक पांढरी पिकअप आली. माणूस उतरला, तिच्या गाडीपाशी गेला, वाकून चिठ्ठी वाचली. वाचून बराच वेळ तसाच उभा राहिला. मग काठी जोडली आणि खालच्या बाजूला निघून गेला.

नोलीननं दुर्बीण खाली घेतली. जा बाबा, ती म्हणाली, जा, सुखानं जा.

पण अजून धूर बाकी होता. ती खाली उतरली आणि फांद्या तोडायला झाडांपाशी गेली. खडीवरून झाडापर्यंत अकरा पावलं. खाली सुकी काटकी, वर ओली फांदी, असं रचावं लागतं, नाहीतर ओली पेट घेत नाही. पहिल्यांदा विझलं. दुसऱ्यांदा विझलं. तिला सहा खेपा माराव्या लागल्या आणि सहाव्या खेपेला गुडघा इतका ठणकायला लागला की ती खाली बसली. आणि बसल्या जागी तिला कळलं की डेसनं ह्या खेपा सरपटत मारल्या होत्या. मोडका पाय ओढत अकरा पावलं तिकडे, फांदी दातात किंवा काखेत धरून अकरा पावलं इकडे. किती वेळा? त्या खेपा तो चहासाठी नव्हे, तिच्यासाठी मारत होता. खाली कोण आहे हे त्याला ठाऊक असणार, शनिवारी ती नदीवर असतेच. तेवीस वर्षांत हे तिला कधी सुचलं नव्हतं. तिनं खडीवर कपाळ टेकलं आणि ती ढसाढसा रडली.

तेवढ्यात धूर धरला. दाट, पांढरा, सरळ वर गेला.

साडेदहा झाले, अकरा, बारा. पुन्हा उंचवट्यावर चढून तिनं दुर्बिणीतून पाहिलं, ती पिकअप तशीच उभी होती, माणूस कुठे दिसत नव्हता. कोणी आलं नाही. धूर विरळ झाला. म्हणजे निकाल लागला, तिच्या बाजूनं लागला, आणि तोंडाला मात्र चव नव्हती. डेस, ऐकतोयस ना, ती म्हणाली, कोणी येत नसतं रे.

मग काय करायचं म्हणून तिनं काठी काढली. आपल्याच हातची सिकाडा बांधली, दोरा सुईत ओवावा तसा चष्मा पुढेमागे करत, आणि डोहाच्या शेपटीला उतरली. समोरच्या पांढऱ्या फेसाखाली मासा होता, मोठा, सावलीच जाणवत होती. तिनं दोरी सोडली. माशी पाण्यावर उतरली, तरंगत निघाली, आणि त्याच क्षणी नोलीनची नजर पलीकडच्या सपाट खडकावर गेली.

ओली पावलं होती. नमद्याची. पण आज ती वर जात नव्हती. चवडे तिच्याकडे होते. पहिलं पाऊल खडकाच्या पलीकडच्या कडेला, दुसरं अलीकडे, तिसरं अगदी पाण्याजवळ, अजून थेंब ओघळत असलेलं.

माशानं माशी गिळली, दोरी सणसणत गेली आणि तुटली. नोलीननं पाहिलंही नाही. ती त्या खडकाकडे बघत होती आणि तिच्या मागे खडी वाजली.

वॉरन पास्को उभा होता. छातीपर्यंत भिजलेला, तोंड लाल, धापा टाकत. त्यानं आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग तंबूकडे, मग विझत आलेल्या आगीकडे.

'पाय धड आहेत तुझे,' तो म्हणाला.

वॉरन दगडावर बसला आणि दम खात खात बोलू लागला. चिठ्ठी वाचली तेव्हाच त्याला खटकलं होतं, आख्ख्या गावाला तारखेवरून छळणारी बाई स्वतः तारीख घालत नाही म्हणजे काय. पण ती चिडखोर म्हातारी, तिचं पाणी, म्हणून तो खाली गेला. मग धूर दिसला. दोन तास चालत आलोय, तो म्हणाला, चार ठिकाणी आपटलोय, आणि तू इथे उभी राहून मासे धरतेस.

'चहा करत होते,' नोलीन म्हणाली.

'नव्हतीस,' वॉरन म्हणाला. 'ओल्या लाकडावर चहा कोणी करत नाही.'

नोलीन काठी हातात तशीच धरून पाण्यात बसली. कमरेपर्यंत पाणी आलं तरी तिला भान नव्हतं. वॉरन उठायला लागला, तिनं हातानं त्याला थांबवलं.

'मला दिसला होता,' ती म्हणाली. 'त्या शनिवारी. डेसचा धूर. असाच, पांढरा. मला कळत होतं रे. कळत होतं आणि मी म्हटलं, चहा करतोय.'

नदी वाहत होती.

'पुलापाशी एक पोरगा होता त्या दिवशी,' वॉरन म्हणाला. 'तू त्याला हात केला होतास.'

नोलीननं मान वर केली.

'मला पण दिसला होता धूर,' वॉरन म्हणाला. 'मी म्हटलं, त्याची बहीण पुढे आहे. सख्खी बहीण. तसं काही असतं तर ती गेली असती.'

मग वॉरननं सांगितलं की दर वेळी ती डोकी मोजत यायची तेव्हा त्याला वाटायचं, मीही धूर पाहिला होता हे हिला कळलंय, ही मलाच सुनवायला आलीये. म्हणून तो त्या वेळी इतका ओरडला होता. नोलीन म्हणाली, मला काही कळलं नव्हतं. वॉरन म्हणाला, माहीत आहे.

त्यानं तिला काखेत हात घालून पाण्यातून उठवलं. दगडावरच्या दुसऱ्या मगमध्ये तिनं त्याला गार चहा दिला, तो त्यानं उभ्यानंच प्यायला. मग दोघांनी टिनाच्या डब्यानं पाणी आणून आणून आगीवर ओतलं, धुराची शेवटची रेघ जाईपर्यंत. पलीकडचा खडक तोवर उन्हानं सुकला होता. नोलीननं दोनदा पाहिलं, त्यावर काही नव्हतं.

तंबू वॉरननं पाठीवर घेतला. नदी सात वेळा ओलांडायची होती आणि दर वेळी त्यानं तिला हात दिला. सपाटीवर मात्र ती पुढे चालली, लंगडत, आणि दर वळणावर थांबून मागे बघत राहिली. वॉरनला आधी कळेना ती कशाला थांबते. मग कळलं. त्यानंतर ती थांबली की तो मागून सांगायचा, 'आहे मी. चल.'